विकलेला उंबरा

२ फेब्रुवारी

दादा,

दारावरची ती थाप अजून कानात आहे. संध्याकाळच्या वर्गावरून आलास की तू कडी वाजवायचा नाहीस. बोटांच्या पेरांनी दारावर कवितेची पहिली ओळ वाजवायचास. शब्द नाहीत, नुसता ताल.

नाव निघाली, शीड उभारा, कोण कोण येणार?

आणि मी आतून दुसरी ओळ वाजवायची.

ज्याच्या खिशात एकच गाणे, तोच पुढे बसणार.

ठोका चुकला तर दार उघडायचं नाही, असा आपला कायदा. बाबा आतून म्हणायचे, अरे, आधी दार उघडा, तुमची नाव कुठं बुडत नाहीये. चौथीच्या पुस्तकात ती कविता बत्तिसाव्या पानावर होती. पुढं मी तेच पुस्तक शाळांसाठी हजारदा तरी बांधलं असेल, आणि दरवेळी ते पान आलं की सुई थांबायची. गिऱ्हाईक म्हणायचं, काका, पुस्तक बांधताय की वाचताय?

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवात अशी. साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गुडघ्यांना विचारलं तर ते नको म्हणाले. तेव्हा उभ्या-उभ्याच नमस्कार घे. वहिनींनाही सांग.

बातमी अशी, की घर विकलं.

एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतलं. घर बघायला आल्या तेव्हा भिंतींवर टिचक्या मारत फिरत होत्या, कुठली किडलीय ते बघायला. माझ्या बांधणीच्या खोलीत आता त्यांचा दवाखाना होणार. ज्या खोलीत मी चाळीस वर्षं सुटी पानं आवळली, तिथं त्या घट्ट बसलेले दात काढणार. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय.

तू तेव्हा हेच सांगत होतास. आमची ही गेल्यावर तू म्हणालास, एकट्या माणसाला सहा खोल्या कशाला, विकून टाक आणि माझ्याजवळ ये. आणि मी म्हणालो होतो, या घराच्या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवू नकोस. तू पडलास मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनीच्या हद्दी आखल्यास. एकदा रेघ मारली की ती ओलांडायची नाही. नऊ वर्षं काटेकोर पाळलीस. जरा कमी प्रामाणिक असतास तर बरं झालं असतं.

हे सहज कळवतोय. काही मागायचं नाही. फोन केला असता, पण तुला ऐकू कमी येतं असं कानावर आलंय, आणि तू आधी “कोण?” म्हणशील. त्याचं उत्तर मला फोनवर जमायचं नाही.

पाकीट ओळखलं असशील. वह्यांच्या कव्हरांचा उरलेला निळा कागद. मागच्या वर्षी रिकामा होतो म्हणून दोनशे पाकिटं चिकटवली, मागं पत्त्याचा शिक्काही मारून ठेवला. आता ती संपेपर्यंत मरायची सोय नाही.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

दादा,

भाड्याचं घर शोधणं म्हणजे या वयात पुन्हा मुलगी बघायला जाणं. फरक इतकाच, की इथं नकार आपल्याला येतो.

एक दलाल गाठलाय. आपलं घरही त्यानंच विकून दिलं. काहीही विचारलं तरी म्हणतो, “होऊन जाईल.” म्हणून मी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलंय. पाणी येतं का? होऊन जाईल. जिना चढवेल का? होऊन जाईल. काल त्याला शिंक आली तेव्हा मीच म्हणालो, होऊन जाईल.

त्यानं सात घरं दाखवली. एका घराची खिडकी उघडली तर शेजारची भिंत इतकी जवळ, की हात बाहेर काढला तर तिच्याशी हस्तांदोलन झालं. दुसऱ्या घरात कोपऱ्यात अंगठा दाबला आणि तो ओला निघाला. ओल म्हणजे कागदाची सवत. मी तिथूनच मागं फिरलो. तिसरं घर मला आवडलं, पण मी मालकांना आवडलो नाही. त्यांनी विचारलं, आजारपण वगैरे? मी म्हणालो, नको, आत्ताच चहा झाला. ते हसले नाहीत. हसले नाहीत तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वय सांगितलं की सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य येतं, “तसं काही नाही, पण…” मी आता चौऱ्याहत्तर न म्हणता “सत्तरी ओलांडली” म्हणतो. त्यात निदान उडी मारल्यासारखं वाटतं.

शिकंज्याचंही संकट आहे. पुस्तकं दाबायचा आपला तो लोखंडी दाब. वह्यांची बांधणी सोडून पाच वर्षं झाली, पण तो कसा सोडू? एका मालकीणबाईंनी विचारलं, हे व्यायामाचं यंत्र आहे का? मी हो म्हणालो. बाई माझ्या दंडांकडे बघत राहिल्या.

पण दादा, सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच असतो. तुमचं माणूस कोण? म्हणजे रात्री-अपरात्री काही झालं तर कुणाला कळवायचं? पहिल्या घरी मी आमच्या हिचं नाव सांगून बसलो. सवयीनं. मग चूक दुरुस्त केली. दुसऱ्या घरी म्हणालो, बघू. बघू या उत्तरावर घर मिळत नाही, असं आता सात ठिकाणी सिद्ध झालंय.

पंधरा-सतरा दिवस उरलेत. काळजी करू नकोस. होऊन जाईल.

धाकटा


२० फेब्रुवारी

दादा,

झालं.

तिसरा मजला, दोन खोल्या. एकेचाळीस पायऱ्या आहेत, पण मधे दोनदा विसावा आहे, आणि प्रत्येक विसाव्याला एक खिडकी. म्हणजे दम लागला असं कुणाला सांगायला नको, बाहेर बघतोय असं दाखवता येतं. जिन्याला लोखंडी कठडा आहे आणि त्याची एक गंमत. तळाशी नुसतं नख मारलं तरी माझ्या दाराशी ऐकू येतं. सकाळची उन्हं थेट टेबलावर येतात, सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही. खिडकीसमोर एक झाड आहे, त्याचं नाव मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. काही माणसं बिननावाचीच जास्त जवळची वाटतात.

तळमजल्यावर मालकीणबाईंचं शिवणकामाचं दुकान. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत ठेवूनच बोलतात, त्यामुळं समोरचा आपोआप दोन पावलं लांब उभा राहतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, डावा खांदा दीड बोट खाली आहे. बाइंडर का? चाळीस वर्षांत माझा धंदा कुणी खांद्यावरून ओळखला नव्हता. मी त्यांच्या दुकानातली बिलांची सुटी चळत बघून म्हणालो, याला शिवायला हवं. त्या म्हणाल्या, शिवणारा बघत होतेच. अशी आमची ओळख झाली.

वय विचारलं नाही. शिकंज्याचं तेवढं विचारलं, किती मणांचा? मी सांगितलं. म्हणाल्या, माझं जुनं मशीन त्याहून जड आहे, जिन्यानं तेही सोसलंय.

मग एक छापील कागद पुढं आला. त्यात एक रकाना. जवळचं माणूस.

तो मी भरला. कसा भरला ते पुढं कधीतरी.

दोन खोल्या कशाला, असं तू विचारशील. दुसरी कागदांसाठी. तिथं एक खाटही मावते, हे आपलं जाता जाता सांगितलं.

धाकटा


३ मार्च

दादा,

आलो राहायला. शिकंजा दोन हमालांनी वर आणला. पहिल्या विसाव्यावर त्यांनी विचारलं, काका, यात काय दाबता? मी म्हणालो, कविता. दुसऱ्या विसाव्यावर ते म्हणाले, फार जड लिहितात हो लोक.

घर सोडताना रडेन असं वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी रुमाल तयार ठेवला होता. पण ऐन वेळी मी किल्ल्या मोजण्यात गुंतलो. पुढचं दार, मागचं दार, माडी, कोठी, सगळ्या दिल्या. घरी येऊन पाहतो तर माझ्या किल्ल्यांच्या कडीत एक बारकी किल्ली उरलीय, करंगळीच्या नखाएवढी. कशाची ते आठवेना. नव्या घरात तर तिला लागेल असं कुलूपच नाही. असू दे. जुन्या घराची एक निखळलेली दाढ आपल्याकडे राहिली म्हणायची.

आता तो रकाना. तुझं नाव लिहिलं मी. न विचारता. तुझं नाव माझ्याकडून नेहमीच वळणदार येतं, कारण पाटीवर ते मला तूच गिरवायला दिलं होतंस, स्वतःचं नाव शिकवायच्या आधी.

वाटलं, नाव तर नाव, कोण बघतंय. पण काल मालकीणबाईंनी टाचण्या ओठांतून काढल्या. म्हणजे प्रकरण गंभीर.

“काका, नाव लिहायला शाई पुरते. आधीच्या भाडेकरूनं मावसभावाचं लिहिलं होतं. तो तापानं फणफणला तेव्हा मी त्या नंबरवर फोन लावला, तर उचलला एका लाँड्रीवाल्यानं. मला नाव नको. माणूस दाखवा. या महिन्याच्या अखेरीपर्यंत.”

मी विचारलं, आणि नाही दाखवता आलं तर?

त्या म्हणाल्या, “सध्या तुमचं राहणं धावदोऱ्यावर आहे. माणूस आलं की पक्की शिलाई. नाही आलं, तर धावदोरा उसवायला वेळ लागत नाही. वाईट वाटून घेऊ नका. तीन दिवस त्या पोराच्या उशाशी मी एकटी बसले होते.”

बाई बरोबर आहेत.

तेव्हा मागायचं काही नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. एक दिवस ये. चहा पी, मालकीणबाईंना तोंड दाखव, वाटल्यास माझ्याशी बोलूही नकोस. आणि तुझ्या त्या हद्दीचं म्हणशील, तर मी कायद्यानं विचार केलाय. मी बंदी घातली ती त्या उंबऱ्यावर. उंबरा विकला. घराबरोबर अटही विकली गेली. आता तुला अडवायचं असेल तर डॉक्टरीणबाईंनी अडवायचं.

उत्तर टाक. पत्ता पाकिटावर आहेच.

धाकटा


१९ मार्च

दादा,

पोस्टमन या गल्लीत अकराच्या सुमाराला येतो. मी त्याच वेळेला खाली काहीतरी काम काढतो. मालकीणबाईंची तीन वर्षांची बिलं शिवून झाली. आता त्यांच्या मापांच्या वह्या बांधतोय. कुणाची कंबर कुठल्या वर्षी किती वाढली, सगळं माझ्या हाती आहे. गल्लीत माझा दबदबा आहे.

पोस्टमन रोज माझ्याकडे बघून मान हलवतो. काल मान हलवायच्या आधीच मी म्हणालो, कळलं.

तू लिहीत नाहीस याचा मला राग यायचा तो आला, आणि गेलाही. कारण एक गोष्ट मी तुला सांगितली नाही, आणि ती न सांगता तुला ये म्हणतोय.

त्या दिवशी भांडण करून तू निघून गेलास. अर्ध्या तासानं परत आलास. छत्री विसरला होतास. दारावर थाप पडली. कडी नाही वाजवलीस, दादा. पहिली ओळ वाजवलीस.

मी आत होतो. दारापासून चार पावलांवर, खुर्चीत. मला वाटलं होतं, तुला वाटेल मी माडीवर आहे, ऐकू आलं नसेल. तू दुसऱ्यांदा वाजवलीस. जरा सावकाश. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो आणि दुसरी ओळ वाजवली नाही. मग तुझी पावलं गेली. छत्री अजून माझ्याकडे आहे. नव्या घरात आणताना हमालानं विचारलं, ही मोडकी टाकू का? मी त्याच्या अंगावर ओरडलो, मग त्याला चहा पाजला.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की दादा एका शब्दावरून गेला तो गेला, मागं वळून पाहिलं नाही. तू वळून पाहिलं होतंस. दारच उघडलं नाही.

हे वाचून यायचं की नाही ते तू ठरव. मी मालकीणबाईंना खोटं काही सांगणार नाही. त्यांनी काल विचारलं, तुमच्या भावाचं माप काय? मी म्हणालो, माझ्याहून चार बोटं उंच. त्या म्हणाल्या, आता तेवढे नसतील. मला एकदम वाटलं, आपण दोघं किती खाली आलो असू, ते बघायला तरी एकदा शेजारी-शेजारी उभं राहायला हवं.

धाकटा


३० मार्च

दादा,

उद्या महिना संपतो. हे पत्र तुला मुदतीनंतरच मिळणार, म्हणून यात आग्रह नाही, नुसत्या गप्पा.

होऊनजाईलला पुन्हा बोलावलंय. त्यानं आणखी चार घरं सांगितली. त्यातलं एक तळघरात आहे. मी म्हणालो, तिथं नंतर जायचंच आहे, घाई कशाला? मालकीणबाई सकाळपासून माझ्याशी बोलल्या नाहीत. टाचण्या ओठांत नसतानाही बोलल्या नाहीत. दुपारी मात्र स्वतः वर आल्या, खिडकीला पडद्याचं माप घेतलं आणि म्हणाल्या, कापड उरलं होतं म्हणून. ज्याला उद्या काढायचं त्याला कुणी पडदे शिवतं का? पण बाईंचा नियम म्हणजे नियम. त्या बाबतीत त्या तुझ्याच शाळेतल्या.

थांब. दार वाजलं. कडी वाजलीय, म्हणजे तू नाहीस. बघून येतो.

दादा, पुढचं जसं घडलं तसंच लिहितो, कारण खाली जायला हवंय आणि पाय उठत नाहीयेत. हात तेवढे चालतायत.

दारात डॉक्टरीणबाई होत्या. काखेत लोखंडी टपालपेटी. आपल्या फाटकाजवळची. भिंतीतून अशी उपटून आणलेली, की मागचे दोन खिळे मुळांसारखे लोंबत होते. म्हणाल्या, “हिची किल्ली कुणाकडेच नाही. सुताराला फोडायला सांगणार होते, पण मग म्हटलं, दुसऱ्याचं टपाल आहे. काढायची सवय मला आहेच.”

मी खिशातली किल्ल्यांची कडी काढली. करंगळीच्या नखाएवढी किल्ली. बरोबर बसली.

आत तीन पत्रं. तुझं अक्षर.

मग मी टेबलावरचं निळं पाकीट उलटं करून पाहिलं. मागं माझाच शिक्का. जुन्या घराचा पत्ता. घर विकून, घर शोधून, सामान हलवून, मी पाच-पाचदा तुला जुनाच पत्ता पाठवत होतो आणि त्या पत्त्याची किल्ली माझ्याच खिशात वाजत होती. पत्रांत सगळं लिहिलं. पायऱ्या किती, उन्हं कुठं, झाड कसं. कुठल्या रस्त्यावर, ते एकदाही नाही.

तुझं पहिलं पत्र, नऊ तारखेचं: “नाव घालण्याआधी विचारायला हवं होतंस. विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो. आता तरी पत्ता कळव.”

दुसरं, सोळा तारखेचं: “पायऱ्या एकेचाळीस हे समजलं. जिना कोणत्या रस्त्यावर आहे?”

तिसरं, चोवीसचं. हे मी उभ्यानंच वाचलं आणि मग खुर्चीत बसलो.

“तू आत होतास हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या चपला दारात होत्या. तीस तारखेला येतो. पत्ता नाही, तर जुन्या घरी जाऊन विचारीन. छत्री काढून ठेव.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक आजोबा सकाळपासून आमच्या फाटकाबाहेर उभे होते. आत या म्हटलं तर येईनात. त्यांना मी सांगितलं, घर आता माझं आहे, मी बोलावतेय. तर म्हणाले, “बंदी धाकट्यानं घातलीय. त्यानंच उठवायला हवी. मालक बदलला म्हणून हद्द बदलत नाही.” शेवटी बाईंनी खुर्ची रस्त्यावर नेऊन दिली, होऊनजाईलला फोन करून माझा पत्ता विचारला, पेटी उपटली आणि दोघांना, म्हणजे तुला आणि पेटीला, गाडीत घालून आणलं.

मी विचारलं, मग कुठाय तो?

“खाली. तिथंही तेच. दुकानाच्या पायरीपाशी थांबलेत. तुमच्या मालकीणबाईंनी टेप लावून खांद्याचं मापसुद्धा घेतलं, तरी पायरी चढत नाहीत. म्हणतात, वरून उत्तर आल्याशिवाय नाही.”

कसलं उत्तर, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात कठडा वाजला.

लोखंडातून थेट वर, माझ्या दाराशी. सावकाश, मधे एकदा दम घेऊन. पहिली ओळ. शेवटचा ठोका जरा लांबला, वयामुळं असेल, पण चुकला नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतायत. त्यांना वाटतंय हा माणूस या वेळी काय लिहीत बसलाय. बरोबर आहे त्यांचं. आणखी एक वाक्य आणि उठतो, पेन हलकं आहे, त्यानं कठड्यावर दुसरी ओळ नीट वाजायची नाही. कागदाची घडी घालायची हाडाची पट्टी टेबलावरच आहे, ती घेतो.

दादा, बाकी तोंडी.